जुन्या पेठेतल्या दोन खोल्या

नांदुऱ्यात घर विकत घ्यायचं ठरलं, तेव्हा इंद्रभान मास्तरांनी नकाशा काढला आणि अन्नपूर्णाबाईंनी तुरीची दाळ काढली.

नकाशा ड्रॉइंगच्या कागदावर होता. लाल पेन्सिलीनं पेठा, निळ्या पेन्सिलीनं नाला आणि मधोमध एक चौकोन, त्याच्यावर झेंडा. झेंडा दोघांच्या धाकट्या लेकीनं, जनकानं काढला होता, कारण तो चौकोन म्हणजे तिची शाळा. दाळ जुन्या धोतराच्या फडक्यात होती, मुठीमुठीच्या पुरचुंड्या करून.

"घर घेणं म्हणजे अभ्यास असते," मास्तर म्हणाले. "रस्ता पाहा, शेजार पाहा, कागदपत्र पाहा."

"तुम्ही पाहा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "मी एकच पाहीन. तिथल्या पाण्यात दाळ शिजते का नाई."

जनकाला हसू फुटलं. तसं तिला कशानंही फुटायचं. पंधरा वर्षांची, नववीतली पोरगी. बोलायला लागली की दोन्ही हात असे चालायचे की जवळ बसणाऱ्यानं कप सांभाळावा. गेल्याच महिन्यात शाळेच्या वक्तृत्वात 'विज्ञान : शाप की वरदान' या विषयावर ती वरदानाच्या बाजूनं जी सुटली, ती घंटा वाजली तरी थांबेना. शेवटी बाईंनी हाताला धरून खाली बसवलं. पहिला नंबर! तेव्हापासून आपल्याला न जमणारी गोष्ट जगात एकच, ती म्हणजे भूमिती, असं तिचं पक्कं मत झालं होतं.

दाळीचं प्रकरण असं होतं की मास्तर मूळचे दुसरबीडचे, म्हणजे घाटावरचे. महाराष्ट्र झाला, पाठोपाठ जिल्हा परिषदा झाल्या आणि मास्तरांच्या बदल्यांना काही धरबंधच राहिला नाही. बिऱ्हाड पाठीवर घेऊन त्यांनी गावं बदलली, पण घाटाखाली उतरायची वेळ पहिलीच. स्टेशनजवळ भाड्याची खोली मिळाली. पहिल्या दिवशी अन्नपूर्णाबाईंनी चुलीवर दाळ ठेवली. लाकडं संपली, पोटातले कावळे ओरडून दमले, दाळ तशीच. पळी फिरवली की भांड्यात खडे वाजावेत तशी वाजे. अन्नपूर्णाबाई तडक वाण्याकडं भांडायला गेल्या. वाणी गल्ल्यावरून हसला, "घाटावरून आल्या वाटते?"

मग शेजारच्या गीताबाईंनी समजावलं. "दाळ चांगली हाय वं माय, पाणी खारं हाय. इथी जमिनीच्या पोटात खार हाय. एका गल्लीतला आड गोड, बाजूच्या गल्लीतला नुसता मीठ. पावसाळ्यात आड भरले का माणसाच्या जिभेले खार कळत नाई. दाळीले बरोब्बर कळते."

त्या दिवसापासून अन्नपूर्णाबाईंचा विश्वास नकाशावरून उडाला आणि दाळीवर बसला.

आणि जनकाचा जीव कशात अडकला होता? मॅट्रिकमध्ये. तिच्या दोन मोठ्या बहिणी जिथं सातवीपुढं शाळा नव्हती अशा गावांत वाढल्या, आणि सातवी झाल्याबरोबर हळद लागून निघून गेल्या. मोठी तर मॉनिटर होती वर्गाची. जनका त्या दोघींहून नशीबवान, कारण तिची सातवी संपली आणि नांदुऱ्याची बदली आली. पण मास्तरांची बदली पुन्हा होणारच होती. आज नाही तर वर्षानं. म्हणून तर घर! मास्तरांनी जेवताना ताटावरून बोट उचलून सांगितलं होतं, "एकदा स्वतःच्या चार भिंती झाल्या का मी कुठीही जाईन, तू आणि तुही माय इथीच राहाल. तू मॅट्रिक होऊनच उठशील इथून."

हे वाक्य जनकाला कवितेसारखं पाठ झालं होतं.

*

सराफा गल्लीतलं घर पाहायला ते गेले आणि किंमत ऐकून मास्तरांनी नकाशाची घडी घातली. स्टेशन रस्त्यावरचं मास्तरांना पसंत होतं, पण अन्नपूर्णाबाईंनी कळशीभर पाणी आणून दाळ लावली आणि दुपारी भांडं सरळ मास्तरांच्या पुढ्यात ठेवलं. मास्तरांनी एक दाणा दातांखाली घेतला, गाल धरला आणि नकाशावर फुली मारली.

तिसरं घर माळीपुऱ्यात, नाल्याच्या पलीकडं. मालक उकंडराव, वांगी-कोथिंबिरीचा बागायतदार. मिशा पांढऱ्या, आवाज असा की पलीकडच्या मळ्यातला बैल मान वळवून पाही. त्याच्या वाड्याला लागून तीन खोल्यांचं टिनाचं घर होतं, ते विकायचं होतं.

"पाणी पाहा आधी, मास्तरीणबाई!" तो विहिरीकडं बोट करून म्हणाला. "घर पडलं तर बांधता येते. असं पाणी बांधता येत नाई!"

अन्नपूर्णाबाई ओंजळभर प्यायल्या. तोंडावरून हात फिरवला. पुन्हा ओंजळ घेतली. दुसरबीड सोडल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर माहेरचा रंग आला. संध्याकाळी दाळ लावली, ती अर्ध्या लाकडात विरघळली.

"बस," त्या म्हणाल्या. "माह्या माहेरासारखीच भाजी-माळवं पिकवणारी माणसं आहेत. पाणी अमृत आहे. घ्या."

जनकानं मनात वाट मोजली. माळीपुऱ्यापासून शाळा म्हणजे नाला, मग बाजार, मग बैलगाड्यांचा अड्डा, मग पुन्हा चढण. श्रावणात नाल्याला पाणी आलं की दोन-दोन दिवस पलीकडचं जग बंद. आणि माळीपुऱ्यातली एकही पोरगी हायस्कुलात नव्हती. एकही! उकंडरावाच्या दोन नाती जनकाएवढ्याच होत्या, खुरपं घेऊन कोथिंबिरीत बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली होती, "तू अजून शाळेत जातं? बाप्पा! एवढी घोडी झाली त?"

"बाबा, नाल्याला पूर आल्यावर मी शाळेत कशी जाऊ?"

"दोन दिवस नाई गेली तर काय होते?" मास्तर म्हणाले. मास्तर! स्वतः मास्तर असून!

"आज दोन दिवस म्हणता, मग दोन महिने म्हणाल, मग म्हणाल राहू दे आता!"

"जनका, हात खाली ठेव. बोलताना पेटती चिमणी पाडशील."

तरी मास्तर चांगले होते. ते म्हणाले, "एक घर अजून पाहू. मग ठरवू."

*

ते एक घर म्हणजे जुन्या पेठेतल्या दोन खोल्या.

गावाच्या ऐन पोटात, किराणा बाजाराच्या मागं, अरुंद गल्लीत दोन भावांचं घर होतं. वाटणीत खालचा भाग थोरल्या भगवंतरावांकडं आला आणि वरची माडी धाकट्या वामनरावांकडं. वामनराव अकोल्याला नोकरीला लागले, तिथंच रमले, आणि माडी विकायला काढली. दोन खोल्या, पुढं गच्ची, बाहेरून स्वतंत्र जिना. खाली परसात दोघांत एक आड.

जनका जिना चढली. दोन-दोन पायऱ्या. पहिली खोली मोठी, शहाबादी फरशी, भिंतीत दोन कोनाडे. दुसरी लहान, पण तिला खिडकी होती आणि खिडकीतून शाळेचं कवेलूचं छप्पर दिसत होतं! मधल्या सुट्टीत घरी येऊन गरम भाकरी खाऊन परत जाता येईल एवढं अंतर. तिनं मनात लगेच टेबल मांडलं. टेबल नव्हतंच, पण मांडलं. कोनाड्यात पुस्तकं लावली. गच्चीवर मैत्रिणी बोलावल्या. इतिहासाच्या सनावळ्या मोठ्यानं पाठ करत येरझाऱ्या घातल्या. तेवढ्यात खालून सोजराबाई, म्हणजे भगवंतरावांची बायको, वर आल्या. जाड भिंगांचा चष्मा, हातात अडकित्ता.

"आवडली का माडी, पोरी?"

"फार आवडली, काकू! इथून मी घंटा वाजल्यावर निघाले तरी पोहोचेन!"

"मग तर मास्तरीणबाई खूश," सोजराबाई हसल्या.

"पाण्याचं कसं आहे, बाई?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"आड हाय न. माह्या सासऱ्याच्या काळापासून कधी आटला नाई. आम्ही तेच पितो जन्मभर."

हे सगळं अक्षरशः खरं होतं. सोजराबाई खोटं बोलल्या नाहीत. पुढं ज्या ज्या वेळी या घराची गोष्ट निघाली, त्या त्या वेळी जनकाला हे आठवत राहिलं की या सगळ्या व्यवहारात कोणीच खोटं बोललं नाही, एक माणूस सोडून.

अन्नपूर्णाबाईंनी आडातून पोहरा काढला, ओंजळीनं पाणी प्यायलं, जीभ टाळूला लावून पाहिली. भादवा संपत आलेला, आड काठोकाठ. त्यांना काही कळलं नाही. त्यांनी कळशी भरून घेतली.

*

दुसऱ्या दिवशी रविवार. मास्तर पंचायत समितीच्या कोणत्याशा बैठकीला गेले होते. अन्नपूर्णाबाईंनी चूल पेटवली, पेठेच्या कळशीतलं पाणी भांड्यात ओतलं, एक पुरचुंडी सोडली. जनका समोर भूगोलाचं पुस्तक घेऊन बसली होती, पण पुस्तकात सगळीकडं तिला आडच दिसत होते.

बराच वेळ गेला. अन्नपूर्णाबाईंनी पळीनं दाणा काढून चिमटीत दाबला. दाणा दबला नाही. त्यांनी एक लाकूड पुढं सारलं. अजून वेळ गेला. पुन्हा दाबला.

"थोडा नरम वाटते का गं?" त्यांनीच जनकाला विचारलं. त्यांनाही माडी आवडली होती. शहाबादी फरशीवरून त्यांनी दोनदा हात फिरवला होता, ते जनकानं पाहिलं होतं.

"वाटते तर!" जनका म्हणाली.

तेवढ्यात गीताबाईंनी बाहेरून हाक मारली, रॉकेलची गाडी आली होती. अन्नपूर्णाबाई डबा घेऊन निघाल्या. "जाळ विझू देऊ नको," एवढं म्हणाल्या.

जनका भांड्यासमोर एकटी राहिली. पाणी खदखदत होतं आणि दाणे तळाशी हट्टानं बसून होते. तिला त्या दाण्यांचा इतका राग आला की काय सांगावं! एवढ्याशा दाण्यांनी तिची मॅट्रिक अडवून धरायची? हे काय शास्त्र झालं? आई, बाबा, मोठ्या बहिणी, पुढची सगळी वर्षं, हे सगळं एका मुठीवर?

आणि मग तिला गृहशास्त्राच्या बाई आठवल्या. परवाच वर्गात सांगत होत्या, कडधान्य लवकर शिजायला हवं असेल तर चिमूटभर खायचा सोडा घाला. नानकटाईच्या तासासाठी आणलेली सोड्याची पुडी तिच्या दप्तरातच होती.

तिनं दप्तर उघडलं. पुडी काढली. एक चिमूट टाकली. काही झालं नाही. दुसरी टाकली. मग घाबरून की आनंदानं कोण जाणे, उरलेली अर्धी पुडीच उपडी केली. भांड्यातून फेस असा उसळला की निखारे चर्र करून अर्धे विझले. तिनं फुंकणी घेऊन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत फुंकलं, उतू गेलेलं पुसलं, पुडीचा कागद चुलीत घातला. रॉकेल घेऊन अन्नपूर्णाबाई आल्या तेव्हा दाळ गळून पार लगदा झाली होती.

"अगं बाई," त्या खाली बसल्या. "शिजली की! उशिरा शिजली, पण शिजली."

"मी म्हणत होते न!"

मास्तरांनी दुपारी तेच वरण भातावर घेतलं. अन्नपूर्णाबाईंनी एक घास खाऊन तोंड जरा वाकडं केलं. "चव मात्र वेगळी लागून राह्यली. साबणासारखी."

"भांडं नीट धुतलं नसशील," मास्तर म्हणाले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. "मी तर पेठेतच घ्यायचं म्हणत होतो. जनकाची शाळा जवळ, बाजार जवळ. उकंडरावाला सांगून टाकतो."

अन्नपूर्णाबाईंनी माळीपुऱ्याच्या विहिरीसाठी एक दिवस तोंड पाडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीतून पाटल्या काढून मास्तरांच्या हातात दिल्या. "दाळीनं हो म्हटलं आहे, तर घ्या," त्या म्हणाल्या. आधी थोडा इसार देऊन सौदा पक्का झाला, महिन्यानं कागद झाला, आणि त्या पाटल्या आणि मास्तरांची सगळी शिल्लक त्या दोन खोल्यांत गेली.

आणि जनका? ती इतकी आनंदात होती की तिला चोरी केल्यासारखं वाटलंसुद्धा नाही. तिला वाटलं, आपण विज्ञानाचा उपयोग केला.

*

मार्गशीर्षापर्यंत सगळं छान चाललं. थोडं छान नव्हतं, पण त्याला छान म्हणून चालवून घेता येत होतं. दाळ उशिरा शिजायची. अन्नपूर्णाबाई म्हणायच्या लाकूड ओलं असेल. पौषात आडाचं पाणी खाली गेलं आणि चहात दूध घातलं की दूध फाटायला लागलं. माघात साबणाला फेस येईना. जनकाची वेणी इतकी चिकट होऊन बसली की फणीचे दात तुटले. फाल्गुनात पाण्याची चव सरळ जिभेला कळायला लागली, आणि आंघोळीच्या घंगाळाला आतून पांढरा थर चढला, नखानं खरवडला तरी निघेना.

"तुमाले त्रास होते?" सोजराबाईंना खरोखरच नवल वाटलं. "आमाले सवय हाय. पाहुणे आले का तेवढं माळीपुऱ्याचं आणतो."

"हे तुम्ही आधी नाई सांगतलं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"तुम्ही कुठी विचारलं? तुम्ही तर म्हणे दाळ शिजवून पाह्यली!"

 अन्नपूर्णाबाई वर येऊन चुलीपुढं बसल्या आणि आपल्याच हाताकडं पाहत राहिल्या.

त्यानंतर त्या रोज दोन हंडे घेऊन माळीपुऱ्यात जायला लागल्या. ज्याचं घर नाकारलं त्याच्याच विहिरीवर! उकंडराव पाणी भरू द्यायचा, पण फुकट नाही. बोलण्यात वसूल करायचा. "या मास्तरीणबाई! माडीवर पाणी चढत नाई वाटते? मास्तर नकाशे काढते म्हणे, नकाशात आड दाखवला नाई का?" त्याच्या नाती खुरपं थांबवून हसायच्या. अन्नपूर्णाबाई पदर दातात धरून हंडा उचलायच्या.

चैत्रात त्या एका सकाळी परसातच कंबर धरून खाली बसल्या, आणि ओरडल्या ते आख्ख्या गल्लीनं ऐकलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मुतखडा. ओझं उचलायचं नाही आणि आडाचं पाणी तोंडात घालायचं नाही.

मग हंडे जनकाकडं आले. पहाट फुटायच्या आत एक खेप, शाळेआधी दुसरी. माळीपुऱ्याहून जुनी पेठ म्हणजे तीच वाट, जी नको म्हणून तिनं घर बदलवलं होतं. आता रोज दोनदा, तीही डोक्यावर हंडा घेऊन. प्रार्थना झाल्यावर ती वर्गात पोहोचायची, ओली, धापा टाकत. बाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा बाहेर उभं केलं. "तुझं घर तर त्या गल्लीत आहे ना गं? मग?" मुली खिदळल्या. जनका, जिला गप्प बसवायला हात धरावा लागत होता, ती ओल्या वेणीचं पाणी पिळत उभी राहिली.

मास्तरांनी घर विकायची खटपट केली. एक पोस्टातला कारकून पाहायला आला, फरशी पाहून खूश झाला. खाली उतरला, आड पाहिला, म्हणाला, "हा भगवंतरावाचा आड न?" आणि वर मांडलेला चहा न पिताच गेला. दुसरा एक जण तर जिनाही चढला नाही. "मास्तर," तो खालूनच म्हणाला, "इथली माणसं घराच्या आधी आडाची जात विचारतात. तुम्ही घाटावरचे, म्हणून फसले."

मास्तर वर आले ते नकाशा शोधायला लागले. सापडल्यावर तो एकदा उलगडला आणि चुलीत घातला.

पण जनकाला खरा त्रास दुसऱ्याच गोष्टीचा होत होता. अन्नपूर्णाबाईंचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला होता. ज्या बाईनं आजवर मीठ कधी चाखून घातलं नाही, ती आता प्रत्येक भाजी जनकाच्या तळहातावर ठेवायची. "पाय गं, बरी झाली का? मले काही समजत नाई आताशा." कोणी आलं की सांगायच्या, "दोष कोणाचा नाई हो. मीच दाळ नीट पाह्यली नाई. माह्याच हाताची परीक्षा खोटी निघाली."

हे चार वेळा ऐकल्यावर पाचव्यांदा जनकाला राहवलं नाही. एका दुपारी तिनं हंडा खाली ठेवला आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. सोडा. अर्धी पुडी. फेस. फुंकणी. सगळं. नेहमीसारखे हात न हलवता.

अन्नपूर्णाबाई भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी हातातली शेंग सोलून पूर्ण केली.

"कधी टाकला?"

"तू रॉकेलला गेली होती तेव्हा."

"म्हणजे इसार द्यायच्या आधी."

"हो."

"इसार दिल्यावर तरी सांगतलं असतं," त्या म्हणाल्या. "कागद व्हायले महिना होता मध्ये. तवा सांगतलं असतं तर इसार बुडाला असता फक्त."

"माय, मी शाळेसाठी..."

"मले माहीत हाय कायच्यासाठी." त्यांनी सूप उचललं आणि आतल्या खोलीत गेल्या. त्यांनी मारलं नाही, रडल्याही नाहीत. मारलं असतं तर जनकाला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून त्या तिच्याशी बोलेनाशा झाल्या. कामाचंसुद्धा बोट दाखवून सांगायच्या. रात्रीच्या जेवणात जनकानं मास्तरांनाही सांगितलं. त्यांनी घास थांबवला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "मीही तर दोनदा वाढून घेतलं," एवढंच ते म्हणाले. त्यांना रागावताही येईना, हे जनकाला सगळ्यात वाईट वाटलं.

*

वैशाखात दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. उकंडरावानं विहिरीवर बाहेरच्यांना पाणी बंद केलं. या वेळी त्यानं टोमणा मारला नाही. विहिरीत वाकून दाखवलं, तळ दिसत होता. "आमच्या वांग्यालेच पुरत नाई, पोरी. तुह्या मायले म्हना, राग धरू नको." आणि मास्तरांची बदली आली. रोहिणखेड.

"मी इथंच राहते," जनका म्हणाली. "सोजराकाकूंच्या नजरेसमोर. मी आडाचंच पाणी पिईन. मला काही होत नाही. ते सगळे पितात की!"

"पंधरा वर्षांची पोरगी एकटी माडीवर?" मास्तर म्हणाले.

"मग माय राहील!"

मास्तरांनी आतल्या खोलीकडं पाहिलं. तिथं अन्नपूर्णाबाई कुशीवर निजल्या होत्या, गुडघे पोटाशी घेऊन. 

"रोहिणखेडला हायस्कूल आहे?" जनकानं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"पाणी गोड आहे," मास्तर म्हणाले.

तिनं शाळेत जाऊन बाईंना विचारलं, बाहेरून मॅट्रिकला बसता येतं का. बाई म्हणाल्या, येतं. पण नववीचा निकाल लागू दे आधी. निकाल लागला. भूमितीत तर गेलीच होती, इंग्रजीतही गेली होती. प्रार्थनेनंतर पहिला तास इंग्रजीचा असायचा.

माडीला गिऱ्हाईक नव्हतं, भाडेकरूही मिळेना. शेवटी एका जिनिंगवाल्याचा मुनीम पंजाबराव आला, दोन्ही खोल्या फिरून पाहिल्या, भिंतींना हात लावून ओल आहे का ते पाहिलं.

"गोदामाले चांगली हाय," तो म्हणाला. "सरकीची पोती ठेवू."

"पाणी..." मास्तरांनी सवयीनं सुरुवात केली.

"सरकीले पाणी कायले लागते, गुरुजी?"

दोन दिवसांत हमालांनी पोती चढवली. लहान खोली आधी भरली, आढ्यापर्यंत. मग मोठी. कोनाडेसुद्धा भरले. सरकीचा तेलकट वास जिन्यातून खाली सोजराबाईंच्या ओसरीपर्यंत गेला. त्या अडकित्ता बाजूला ठेवून म्हणाल्या, "आता बाई बरं झालं. माणूस असलं का कटकट."

रोहिणखेडला जायला आधी मोताळ्याची एसटी. मास्तर टपावर सामान चढवायला गेले. आत अन्नपूर्णाबाई खिडकीशी बसल्या, जनका मधे, आणि बाजूला एक जाड बाई मांडीवर कोंबडीची पाटी घेऊन. गाडी सुटली. ती बाई दोघींना निरखत होती.

"पोरगी हाय का तुमची? कितवीत हाय?"

जनकानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. ती अजून नववी म्हणणार होती की दहावी, ते तिचं तिलाच ठरवता आलं नव्हतं.

तिच्या आधी अन्नपूर्णाबाईच बोलल्या, बाहेर पाहत. "शाळा झाली तिची," त्या म्हणाल्या. "कोणी असलं तुमच्या पाहण्यात, तर सांगा."

बाईनं कोंबडीची पाटी बाजूला सरकवली, जनकाच्या हनुवटीला धरून तिचं तोंड आपल्याकडं वळवलं आणि नीट पाहून घेतलं.